एर्नाबाईंना मिरवणूक बघायची होती

खसखस दुधात रटरटत होती आणि एर्नाबाई क्रेचेक डाव हलवत उभ्या होत्या, तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. होलुबमध्ये ओळखीचा माणूस मागच्या दारानं हाक मारत थेट स्वयंपाकघरात येतो. पुढच्या दाराशी येतात ते पाद्री, विमेवाले, नाहीतर कमिटी.

मिरवणुकीची कमिटीच होती. लिंडेनहून आलेली भाची मार्लिस, आणि तिच्या मागे टोपी हातात घेऊन इथला धान्यकोठारवाला लॅडी ह्रुस्का. दोघं एकाच वेळी पायरीवर पोचली होती, आणि दोघांचीही तोंडं त्यापायी वाकडी झाली होती.

"तान्ते, तू आमच्या गाडीत बसायचंस," मार्लिस आत येता येताच म्हणाली. "जन्म तुझा लिंडेनचा."

"जन्म झाला असेल," लॅडी म्हणाला. "पण तेता साठ वर्षं राहतात कुठं? आमच्यात. माहेरवाशिणीला कोणी गाडीत मिरवतं का?"

"आधी पाय पुसा दोघं," एर्नाबाई म्हणाल्या आणि कॉफी ओतायला वळल्या.

नेब्रास्कातून रेल्वे गेली तेव्हा एकाच उन्हाळ्यात ही दोन स्टेशनं उभी राहिली. लिंडेनमध्ये मावशीला तान्ते म्हणणारे जर्मन वसले, होलुबमध्ये तेता म्हणणारे चेक, आणि तेव्हापासून मधल्या मक्याच्या शेतांवरून दोन्ही गावं एकमेकांना नाकं मुरडत आली. एर्नाबाईंनी लुमिरशी लग्न केलं तेव्हा वडील म्हणाले होते, "ती माणसं नाचतात फार." सासू म्हणाली होती, "जर्मन पोरीच्या हातचे कोलाचे फुगायचे नाहीत."

फुगले. असे फुगले, की खसखशीचं आणि आलुबुखाराचं सारण भरलेल्या त्या गोड पावांशिवाय दोन्ही गावांत ना लग्न लागलं, ना कोणाचं श्राद्धजेवण झालं. कौतुक पुष्कळ झालं, पण त्या कौतुकानं बाईंना कायमचं भट्टीपाशी बांधून टाकलं.

लिंडेनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लहानग्या एर्नाला गव्हाच्या पेंढ्यांत खोचून गाडीवर बसवलं होतं, मागे तोंड करून. सगळ्या मिरवणुकीत तिला दिसलं ते मागच्या गाडीच्या खेचराचं तोंड. पंचाहत्तराव्याला दोन्ही गावांनी चढाओढीनं वेगवेगळ्या मिरवणुका काढल्या, आणि एर्नाबाईंनी दोन्हीकडे पीठ मळलं. शंभराव्याला तेच. गावच्या हॉलच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते, तिथून दिसते फक्त गॅसची टाकी. ढोल वाजले, टापा वाजल्या, ट्रॅक्टर धडधडले, फेकलेली चॉकलेटं वेचताना पोरं किंचाळली, ते सगळं एर्नाबाईंनी कानांनी पाहिलं. मग लुमिर घामेजून आत यायचा, ताटातला गरम कोलाच उचलायचा आणि म्हणायचा, "अगं, काय मिरवणूक होती! तू बघायला हवी होतीस."

आता लुमिर नाही. दोन्ही शाळा बंद पडल्या, माणसं एवढी उरली की भांडायलाही पुरेनात. म्हणून सव्वाशेवा वाढदिवस पहिल्यांदाच एकत्र ठरला होता, लिंडेनपासून होलुबपर्यंत एकच मिरवणूक. ही मात्र बघायचीच, असं एर्नाबाईंनी हिवाळाभर मनाशी घोकलं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांचं गुडघे काही कबूल करत नव्हते. पण बोलल्या नव्हत्या कोणाला. म्हातारपणी असला हट्ट सांगायचा तरी कसा?

"लिंडेनचा जुना अग्निबंब लाल रंगवून घेतलाय," मार्लिस सांगत होती. "वर गादी घालू."

"बंबावर चढवतेस त्यांना? शिडी लावून?" लॅडी हसला. "आमची उघडी मोटार आहे, तेता. पांढरी."

"तुमची मोटार गेल्या वर्षी मध्येच बंद पडली. पोरांनी ढकलत नेली होती."

एर्नाबाई मनातून सुखावल्या. एवढा मान कोणाला नको असतो? त्यांनी विचारलं, "ही गाडी कितवी असणार?"

"सगळ्यात पुढे!" दोघं एका सुरात म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं जमलं होतं.

"म्हणजे मिरवणूक माझ्या मागे."

"अख्खी!" लॅडी अभिमानानं म्हणाला.

"आणि कोलाचे?"

मार्लिसनं कपात बघितलं. "ते तू पहाटे आटपशीलच ना, तान्ते. मग तयार होऊन ये."

एर्नाबाईंनी शेगडी बंद केली. खुर्ची ओढून त्या दोघांच्या समोर बसल्या.

"मला पुढं बसवू नका, मागंही नको," त्या म्हणाल्या. "कोलाचे आदल्या दिवशी करून देईन. त्या सकाळी भट्टीपाशी दुसऱ्या कोणाला तरी उभं करा. मला पोस्टासमोर सावलीत एक खुर्ची टाकून द्या, आणि पहिल्या ढोलापासून शेवटच्या घोड्यापर्यंत कोणीही मला हाक मारू नका. मला मिरवणूक बघायची आहे."