उलट्या सिंहांचं नाणं

आमच्या क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर राहणारे भावजी बँकेतले, बदलीवर कोलकात्याला आलेले, आणि माझ्यासारखेच नाणीवेडे. फरक इतकाच, की त्यांच्या नाण्यावरचा डाग म्हणजे जुनेपणाची झळाळी आणि माझ्या नाण्यावरचा तोच डाग म्हणजे मळ. "वहिनी, कडा झिजल्यात हो," असं ते इतक्या हळहळून म्हणत, की वाटे, कडा माझ्याच झिजल्यात. शेवटी मी ठरवलं, यांची एकदा जिरवायचीच.

टाकसाळीत कधी एक नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या नाण्यावर त्याचं उलटं, खोलगट चित्र उमटतं. अशा चुकीवर संग्राहक जीव टाकतात. माझी नोकरी हावड्याच्या छोट्या कारखान्यांतला माल तपासण्याची. एका दुपारी तिथल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दहा पैशांची दोन जुनी अ‍ॅल्युमिनियमची नाणी एकावर एक ठेवली आणि पकड आवळली. एका नाण्याच्या आकड्याच्या बाजूवर दुसऱ्याचे तीन सिंह उलटे उमटले. खाली मूळचा दहाचा आकडा पुसटसा दिसत होता. खऱ्या चुकीत आकड्याचा साचा चिकटलेल्या नाण्याने झाकलेला असतो, आकडा उमटूच शकत नाही, म्हणजे भिंगवाल्याला दोन मिनिटांत कळणार. घरातल्या जुन्या चिल्लरीच्या डब्यात ते टाकलं आणि डबा भावजींना देऊन टाकला.

संध्याकाळी ते नाणं मुठीत धरून जिना उतरून आले ते चपला न घालताच. मी चेहरा गंभीर ठेवला. रविवारी आम्ही दोघं बेहाल्याला दादूंकडे गेलो. दादू म्हणजे तिथले ऐंशीच्या घरातले संग्राहक, दर रविवारी आठ-दहा जण त्यांच्या बैठकीत जमतात आणि त्यांचा शब्द तिथे शेवटचा. भावजींची फजिती बघायला मी मुद्दाम समोरची खुर्ची पकडली.

दादूंनी भिंग लावलं, नाणं उजेडात फिरवलं आणि आपल्या बंगाली हिंदीत म्हणाले, "एकदम असली है. मिंट का ही भूल है."

भावजींचे डोळे भरून आले. मला आधी हसू आलं, मग आठवलं. हेच वाक्य, याच खुर्चीत, दादू माझ्या नाण्याबद्दल बोलले होते. फेरीबोटीच्या तिकिटाच्या सुट्ट्या पैशांत मिळालेला, एका बाजूने गोल कातरलेला रुपया. तेव्हा या शहरात मी कोणाच्या ओळखीची नव्हते. तो रुपया टाकसाळीची अस्सल चूक ठरला आणि दादूंनी मला रविवारची खुर्ची दिली. टाकसाळीतच कातरला असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड फिकी पडते. माझ्या रुपयाची पडली आहे. पण ती कड झिजूनही तशी होते, आणि कानशीने असा काप द्यायला हावड्यात पाच मिनिटं पुरतात. माल तपासून पोट भरणारी मी, हे मी कधी तपासलंच नव्हतं. दादूंवर माझा विश्वास होता, आणि तो मला हवाही होता.

परतताना भावजींनी संदेश मिठाईची पेटी घेतली. बसमध्ये पहिला संदेश माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "वहिनी, आजवर तुमच्या रुपयावर जळायचो. आता आपली बरोबरी झाली."

मी "हो" म्हटलं आणि संदेश खाल्ला. खरं सांगितलं असतं तर त्यांचं नाणं गेलं असतं, आणि त्याच्या मागोमाग माझंही.