शिंप्याचा दात

देवळाली कॅम्पात आमच्या चाळीला नळ एक आन् भांडणारे पंधरा. त्यात पुढं मीच. शेजारचा शिंपी रांगेत माझ्या पुढं घुसला, म्हणून मी त्याला भ्या दाखवायला बादली भिंतीवर हाणली. भिंत एवढी मोठी, तरी चुकली. शिंप्याचा पुढचा दात पडला.

त्याच दातानं तो दोरा तोडायचा. त्यानं केस टाकली.

वकील म्हणाला, "दात पाडणं म्हणजे हाड मोडण्यासारखंच. आत जाशील." माझी शाळेची पाटी कोरी, पण आत म्हणजे कुठं ते कळलं.

नाशिकच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. दोघं एकाच बसनं जायचो. पहिल्या तारखेला तो खिडकीबाहेर बघत बसला. चौथ्या तारखेला त्याच्या डब्यातली चटणी मी खाल्ली. तो भाकरी चहात बुडवून खायचा. मी म्हणालो, "चव लागती का अशी?" तो म्हणाला, "तूच शिकवलीस की."

शेवटी वकिलांनी आपसात मिटवायचा कागद केला. दोघांनी अंगठे उठवले. पण जज्जसाहेबांची परवानगी लागती म्हणाले.

साहेबांनी शिंप्याला विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना? माफ केलंत?"

"केलं साहेब," शिंपी म्हणाला, "पण ह्यानं अजून मागितलीच नाय."

सगळं कोर्ट माझ्याकडं बघाय लागलं. खरंच मागितली नव्हती. वर्षभर बाजूला बसलो, चटणी खाल्ली, चाळभर त्याच्या नकला केल्या, तेवढे दोन शब्द मात्र ऱ्हायले. मला वाटलं, कागदात आलं असंल. लग्नातसुद्धा एवढा घाम आला नव्हता.

"दादा, चुकलं माझं," म्हणालो. "तुमचा दात गेला माझ्यापायी."

साहेबांनी सही केली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "दादा, सुटलो बरं का."

"कोर्टातनं सुटलास," तो म्हणाला. "संध्याकाळी दुकानात ये."

तवापासनं काम उरकलं की त्याच्या मशीनशेजारी बसायचो. टेबलावर कात्री असायची. तरी तो कपडा माझ्या तोंडापुढं धरायचा, "हं, तोड." मी दातानं दोरा तोडायचो. गिऱ्हाईक हसायचं, मीबी हसायचो.

आता शिंपी नाय, आन् माझे पुढचे दातबी नायत. भाकरी चहात बुडवतो. चव लागती.