रद्द न झालेला निकाल

२०२१च्या वसंतात, नास या आयरिश गावातल्या माझ्या घरातूनच कार्यालयाचे काम चालू असताना, आम्हा चार मराठी अभियंत्यांचा एक नेम ठरला होता. शुक्रवारी सकाळी चहाचे कप घेऊन पडद्यासमोर बसायचे आणि बांधकाम करारांविषयीचा एखादा नवा न्यायालयीन निकाल एकाने इतरांना मराठीत समजावून सांगायचा. आमच्यात वकील कोणीच नव्हता; करारांशी मात्र रोजचा संबंध.

माझा हात आयुष्यभर नकाशांवर बसलेला. सुधारित नकाशा आला की जुन्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारायचा, म्हणजे साइटवर भलत्या जागी भिंत उभी राहत नाही. निकालांनाही मी नकळत तोच नियम लावला. विलंबाची सूचना उशिरा दिल्यास मुदतवाढ नाही, असे सांगणारा एक निकाल आला. मी त्याचा शेवट वाचला आणि याउलट सांगणारा जुना निकाल ‘रद्द’ करून टाकला.

त्याच आठवड्यात ब्लँचर्डस्टाउनहून एका नागपूरकर मित्राचा फोन आला. औषधांच्या कारखान्यांत हवेचे डक्ट बसवणारी त्याची लहानशी कंपनी. टाळेबंदीत काम रखडले, सूचना पाठवायला उशीर झाला, आणि मुख्य कंत्राटदार मुदतवाढ नाकारून उरलेले काम दुसऱ्याला देणार होता.

“दादा, भांडू का?”

“नको. आता कायदा बदललाय,” मी म्हणालो.

“बरं,” एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

त्या शुक्रवारी निकाल सांगण्याची पाळी माझी होती, म्हणून आदल्या संध्याकाळी तो पहिल्यापासून वाचायला घेतला. मध्यावर न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिले होते: जुना निर्णय योग्यच आहे, मात्र या करारात ‘वेळेत सूचना नाही, तर मुदतवाढ नाही’ अशी अट आहे, त्या करारात ती नव्हती. दोन्ही निकाल शेजारी शेजारी उभे होते. माझ्या हातातला चहा निवून गेला.

मी लगेच फोन लावला. “तुझ्या करारात अशी अट आहे का?”

पाने चाळल्याचा आवाज आला. “नाही दादा. सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी, एवढंच आहे.”

“मग मी तुला चुकीचं सांगितलं. मला क्षमा कर. माघार घेत असल्याची मेल गेली का?”

“जाणारच होती. बायकोनं अडवलं. म्हणे, तुमचे दादा एवढं ठासून बोलले म्हणजे अर्धंच वाचलं असेल!”

मी हसलो खरा, पण ते शब्द बरेच दिवस सोबत राहिले. घरातल्या माणसांशीही मी किती वेळा शेवट ऐकूनच बोललो असेन.

बॉल्सब्रिजच्या एका सॉलिसिटरबाईंनी दोन्ही निकालांचा आधार घेऊन उत्तर तयार केले. कंत्राटदार चर्चेला बसला. मुदतवाढ मिळाली, आणि उरलेले डक्ट माझ्या मित्राच्याच माणसांनी चढवले.

अजूनही मी काही सल्ला देऊ लागलो की तो आधी विचारतो, “दादा, पूर्ण वाचलंय ना?”

आणि हल्ली बहुधा मी वाचलेले असते.