लग्नाच्या गाडीचं गिअर ऑइल

माझं लग्न ठरलं तेव्हा हॉल, केक आणि बँड ही कामं आईने घेतली. डॅडींच्या डोक्यात फक्त गाडी होती.

ते पूर्वी टेम्पो चालवायचे, भाजी घेऊन दादरला जायचे. कंबर धरायला लागली तसा टेम्पो विकला आणि एक सेकंडहँड जर्मन गाडी घेतली. पांढरी, लांबलचक, ऑटोमॅटिक. ती ते लग्नांना भाड्याने द्यायचे आणि चालवायचेही स्वतःच. वसईतल्या कितीतरी नवऱ्या त्यांनी चर्चच्या दारात उतरवल्या होत्या.

पण बँडच्या मागे गाडी रांगत न्यावी लागते, आणि तशा चालीत ती हल्ली गिअर बदलताना झटका द्यायची. एकदा तर एका नवरीच्या मांडीवरचा बुके खाली पडला. "तुझ्या वेळेला असं चालणार नाही," डॅडी म्हणाले. आचोळ्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारा एक मेकॅनिक होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. मीही सोबत निघाले. येताना गाऊनची फिटिंग करायची होती.

आदल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी फादरनी आमच्या लग्नाची घोषणा केली होती, तीन रविवारांतली पहिली. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं आणि माझं नाव एका दमात ऐकून मी मान खाली घालून हसत होते. तो दुबईला नोकरीला होता, पुढच्या आठवड्यात यायचा होता.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन खोलला. काळं तेल ट्रेमध्ये पडायला लागलं. त्याने बोट बुडवून वास घेतला. "जळलंय, अंकल. कधी बदललं होतं?"

"घेतल्यापासून नाही. कंपनीवाले म्हणतात बदलायची गरजच नाही."

"त्यांना नवीन गाडी विकायची असते ना, म्हणून. फिल्टरपण टाकू. टाइम लागेल, बसा."

आम्ही दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. लग्नाच्या दिवशी गाडी कोण चालवणार यावरून आमचा वाद जुनाच होता. मी म्हणत होते, तुम्ही माझ्या बाजूला मागे बसा. नवरीचा बाप स्टिअरिंगवर बसतो का कुठे? डॅडी म्हणत होते, दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही. "बाय, मी कोट घालून चालवीन, मग तर झालं?" मी हसत होते आणि तेवढ्यात दुबईहून त्याचा फोन आला.

मला वाटलं, सूटच्या रंगाबद्दल असेल. मी उठून बाहेर रस्त्याच्या कडेला गेले. त्याने जेवलीस का, असंही विचारलं नाही.

"मी येत नाहीये," तो म्हणाला. "तिकीट कॅन्सल केलं. माझं इथे कोणीतरी आहे. आधीपासून. घरच्यांना सांगायची हिंमत होत नव्हती."

"घोषणा झाली रे रविवारी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"माहितीय. सॉरी." फोन कट झाला. मी पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

परत आले तर डॅडी माझ्याकडे बघतच होते. मी खुर्चीवर बसले आणि सांगितलं. सगळं दोन वाक्यांत संपलं. डॅडी उठून लिफ्टखाली गेले. "भाऊ, आम्हाला आत्ता घरी जायचंय. गाडी खाली घे."

"अंकल, पॅन उघडा आहे. तेल नाही गाडीत, हलणार कशी?"

"मग रिक्षा," मी म्हणाले. डॅडींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नको म्हणाले. रिक्षा म्हणजे नाक्यावर उभं राहणं, आणि नाक्यावर सगळे ओळखीचे. ते माझ्या पुढ्यात रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसू नये. मी रडले. मेकॅनिकने मान वर केली नाही. फिल्टर बसवला, पॅन बंद केला, नवं लाल तेल पंपाने भरलं. इंजिन चालू करून तेल कोमट होईपर्यंत थांबला. मग जास्तीचं तेल खालच्या बुचातून थेंबाथेंबावर येईपर्यंत गळू दिलं आणि बूच आवळलं. तोवर डॅडी तसेच उभे होते, दुखऱ्या कमरेने.

"ट्रायल मारून बघा," मेकॅनिक म्हणाला.

"तूच चालव," डॅडी म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. स्वतःच्या गाडीत ते मागे बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. मेकॅनिकने मुद्दाम हळू चालवली. "बघा, कळतसुद्धा नाही," तो म्हणाला. डॅडींनी माझा हात घट्ट धरला होता.

फादरना सांगायला आई गेली. पुढच्या रविवारी घोषणा झाली नाही आणि मी मिस्सेला गेले नाही.

आमच्याच तारखेच्या लग्नासाठी आगाशीहून एका मुलीचा भाऊ गाडी मागायला आला. डॅडी नाही म्हणत होते. मीच आतून बाहेर आले आणि म्हणाले, "द्या त्यांना. तिचा काय दोष?"

त्या दिवशी डॅडी सकाळीच कोट न घालता गेले आणि संध्याकाळी परतले. मुलीकडच्यांनी लग्नाचा डबा दिला होता. केकचा तुकडा, पॅटिस, थोडे काजू. डबा टेबलावर तसाच पडून राहिला. शेवटी आईने उघडला आणि केकचे तीन भाग केले.

डॅडींनी पहिला घास घेतला आणि ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आईने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि आम्ही दोघी खाली बघून केक खात राहिलो.