काकासाहेबांचा फेटा

उभ्या आयुष्यात मला धाक वाटला तो एकाच प्रेक्षकाचा. कर्जत तालुक्यातल्या माळेवाडीचे काकासाहेब. मी तमाशाच्या फडात राणीचं काम करायचे. इथल्या जत्रेत पहिला खेळ लागला. मी भरदरबारात डोळ्यांत पाणी आणून बोलत होते आणि अंधारातून आवाज आला, "राणीसाहेब, मोठ्यानं! मागं ऐकू येत न्हाई!" सगळी कनात हसली. मी मात्र त्या दिवशी बोलायला शिकले. पुढे गुडघे थकले, चाळ उतरले, तेव्हा मी याच गावात घर केलं. खरं तोंडावर सांगणारं माणूस शेजारी असावं, दुसरं काय!

काकासाहेबांची शेती बेताची, आवाज मात्र डोंगराला धडकून परत येणारा. ग्रामसभेत ते कायम मागे, पारापाशी उभे. "सरपंच, डांबर रस्त्यावर पडलं का कागदावर?" पुढे खुर्ची दिली तर म्हणायचे, "हितंच बरं. हितनं समदं दिसतं."

शहाण्णव साली जमिनीखालचा गॅस शोधणारी एक कंपनी आली. माळावर खोल भोकं पाडायची, त्यांत सुरुंग उडवायचा आणि हादरा यंत्रावर मोजायचा, असं त्यांचं काम. गावाशी बोलायला एक तरुण साहेब नेमला होता. गोड माणूस. घरोघर चहा प्यायला आणि गावात प्रश्न कोण विचारतं, हेही हसत हसत विचारून गेला.

एक भोक छबूबाईच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. नवऱ्यामागे तिला त्या विहिरीवरच्या लिंबोणीच्या बागेचाच आधार. काकासाहेब माझ्या ओट्यावर बसले होते, तिथे येऊन ती त्यांना म्हणाली, "हादऱ्यानं झरा बुजला तर पानी कोन देनार, एवढं इचारा. सुरुंगाच्या आधी कबूल करून घ्या."

"पयला सवाल तुझाच, छबू. घाम फोडतो का न्हाई बघ साहेबाला."

"फोडा. पर आधी माझं इचारा, मग बाकीचं भांडा," ती हसली.

कंपनीच्या सभेसाठी मारुतीपुढे मांडव घातला. साहेबानं माईक हातात घेतला, आणि पहिलाच पुकारा झाला तो काकासाहेबांच्या नावाचा. "गावाचे स्पष्टवक्ते ज्येष्ठ!" त्यांना हाताला धरून वर नेलं. शाल, नारळ आणि गुलाबी फेटा. लग्नानंतर त्या डोक्याला फेटा लागला नव्हता. मी जन्मभर मुकुट घातलेत. माणूस त्याखाली कसा ताठ होतो ते मला ठाऊक आहे. काकासाहेब साहेबाशेजारच्या खुर्चीत बसले, अगदी काठावर, मान न हलवता.

"काही शंका?" साहेबानं विचारलं.

छबूबाईनं वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. काकासाहेब उठले. हात जोडले. "पाव्हन्यांनी एवढा मान दिला," ते म्हणाले, "आता शंका कसली काढायची?"

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत छबूबाई स्वतःच उभी राहिली. "साहेब, माझ्या हिरीचं..."

"ताई," साहेब हसून म्हणाला, "अहो, काकासाहेबांचं समाधान झालंय. आणखी काय पाहिजे?"

ती खाली बसली. काकासाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

सुरुंग उडाला. गॅस सापडला नाही. कंपनी तंबू उचलून गेली. त्या उन्हाळ्यात छबूबाईच्या विहिरीचा तळ उघडा पडला. हादऱ्यानं की उन्हानं, कोण सांगणार? विचारायचं होतं ते आधी, आणि ते राहून गेलं. काकासाहेब रोज बैलगाडीवर पिंप घालून आपल्या विहिरीचं पाणी तिच्या झाडांना घालत. ती "पानी प्या" एवढंच म्हणायची. निम्मी बाग जगली. पण ग्रामसभेला काकासाहेब पुन्हा गेले नाहीत. जत्रेतल्या खेळालासुद्धा नाही.

दोन वर्षांनी छबूबाईच्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न निघालं. मांडवात वडीलधाऱ्यांना फेटे बांधत होते. काकासाहेबांनी आपला हातात घेतला आणि मांडीवर ठेवला. "डोक्याला सोसत न्हाई," म्हणाले.

मुहूर्त टळला. उन्हं तापली, पोरं भुकेनं रडू लागली, आणि वराकडची मंडळी बँडपुढे नाचतच होती. पूर्वीचे काकासाहेब असते तर मांडव हादरला असता. ते जमिनीकडे पाहत बसले होते. छबूबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काकासाहेब, इचारा की."

"मी कुठल्या तोंडानं इचारू, छबू?"

"हाय त्याच. मुलीची आई हाय मी, मला बोलता येईना. तुमी इचारा."

ते उठले. फेटा हातातच होता. "पाव्हनं..." घोगरा, बारीक आवाज. "लोक उपाशी हायेत. लगीन कधी लावायचं?"

बँडमध्ये कुणालाच ऐकू गेलं नाही. ते खाली बसायला लागले, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मी होता नव्हता तो श्वास एकवटून ओरडले, "मोठ्यानं, काकासाहेब! मागं ऐकू येत न्हाई!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग फेटा खुर्चीवर ठेवला आणि मोकळे झालेले दोन्ही हात तोंडाशी नेले.