ठकुकाकीचा वाफा

ठकुबाई माझी काकी. तिला पाऊस कळायचा, माणसं कळायची नाहीत. त्या माणसांत माझा बाप केसरीनाथ पहिला, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

राहनाळच्या पलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाला लागून सगळ्यात खोलगट शेत काकीचं. फार पाऊस झाला की गावात तुंबलेलं पाणी काढायला तीच एक जागा. ओहोटी लागली की तिच्या शेतासमोर बांध फोडायचा. पाणी खाडीत जायचं, जाताना तिचं लावलेलं भात उपटून न्यायचं. म्हणून प्रत्येक घर आपल्या आवणाबरोबर, म्हणजे भाताच्या रोपांबरोबर, तिच्यासाठी एक वाफा जास्तीचा पेरायचं. पाणी ओसरलं की सगळे मिळून बांध बुजवायचे आणि तिचं शेत दुसऱ्यांदा लावून द्यायचे. त्र्याऐंशी साली मीही त्या चिखलात उतरले होते. दोन दिवस कंबर धरली होती, पण मजा आली होती.

असा पाऊस पूर्वी सात-आठ वर्षांनी यायचा. नव्वदनंतर त्याचं डोकंच फिरलं. पंधरा दिवस कडकडीत ऊन, मग महिन्याचा पाऊस दीड दिवसात. त्यात शेतं गोदामांना गेली, भराव पडले, पाण्याला पसरायला जागा उरली नाही. बापानंही विकलं, घरामागची वाडी तेवढी ठेवली. काकीनं विकलं नाही. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वर्षभराचं पोट त्या एका शेतावर.

चौऱ्याण्णवच्या जुलैत दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. दुपारी ओहोटी लागल्यावर बाप चार माणसं घेऊन काकीच्या दारात गेला. सगळ्यांच्या हातात फावडी.

"वयनी, बांध फोडाया लागल."

"फोडा. माजा वाफा पेरलाव ना यंदा?"

"पेरला ना! वाडीत हाय. मस्त वर आलाय."

मी मागेच उभी होते. वाडीभोवती नवी भिंत होती, आत कोबा घातला होता आणि त्यावर गोदामाचे ट्रक उभे राहायचे. तिथे गवताची काडी उगवत नव्हती. मी गप्प राहिले. पाणी तेव्हा कुणाच्या घरात शिरलेलंही नव्हतं. ते शिरत होतं गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांत.

बांध फोडला, काकीचं भात वाहून गेलं. तिसऱ्या दिवशी काकी रोपं न्यायला टोपली घेऊन आली आणि सरळ मागच्या वाडीत गेली. ट्रक बघितले, कोबा बघितला. बाप घाईघाईनं घरातून तांदळाचं पोतं घेऊन आला.

"हे ने वयनी. वरीस निघल तुजा."

"ह्यो रुजतो काय रं?"

बापानं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं. ती बाकीच्या घरांतही जाऊन आली. कुणीच पेरलं नव्हतं. संध्याकाळी ती आमच्या अंगणात थांबली.

"खरा सांगितला असतास तरी फोडू दिला असता मी," ती म्हणाली. "गावाला न्हाय बोलले काय कधी?"

तिनं मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझी मला इतकी चीड कधी आली नाही.

शेत त्या वर्षी पडीक राहिलं. पुढच्या मे महिन्यात काकीनं तिथे भराव टाकून घेतला, बांधाहूनही दोन हात उंच. शेजारणींनी समजावलं, बापानं हात जोडले. ती ऐकायला तयार नव्हती.

त्याच पावसाळ्यात पुन्हा तसाच पाऊस झाला. बाप फावडं घेऊन बांधापर्यंत गेला आणि तसाच परत आला. फोडायला जागाच नव्हती. आमच्या घरात कंबरेइतकं पाणी भरलं. मी पलीकडे बघितलं, तर काकी दारात उभी होती. तिच्याही घरात तेवढंच पाणी होतं.