रेडिएटरमधली हळद

बाबांची जुनी जीप दिवाळीनंतर बोरघाटाच्या मध्यावर तापून बंद पडली आणि माझा संयम संपला. कर्जतकडच्या एका फार्महाऊसवाल्याला ती फाटकापाशी शोभेला हवी होती, बॉनेटवर फुलांच्या कुंड्या ठेवून. मी म्हटलं, देऊन टाका. याच गाडीतून बाबांनी खालापूर ते कर्जत उभी हयात माणसं नेली. सीटा भरल्या की हात हलवून ओरडायचे, "जागा नाय, भरली हाय!"

दोन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाले, "एक डाव रेडिएटर साफ कर. न थांबता घाट चढली तर ठेवायची. नाय चढली तर दे त्याला."

त्यांची कंबर आता वाकत नाही. आई गेल्यापासून दर शनिवारी मी माहेरी मुक्कामाला येते, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं. मला ती गाडी नकोच होती. पण हात घातलेलं काम अर्धवट सोडणं मला जमत नाही, हा आईचा गुण. जाळीतले किडे आणि वाळका चिखल ब्रशनं काढला. खालचा पाइप सोडवून नळाचं पाणी उलटं सोडलं, तर वरून बादलीभर पिवळा गाळ आला.

"हे काय, बाबा?"

"हळद," खुर्चीतून बाबा म्हणाले. "रेडिएटर गळाय लागला की चमचाभर टाकायची. भोकात फुगून बसते. तुझी आईच द्यायची काढून."

मग आठवलं. चमचा देताना आई करवादायची, "भाजी पांढरी झाली तरी चालंल, जीप पिवळी पायजे यांना!"

मी धुण्याचा सोडा घालून दुपारभर धूत राहिले. बाबा दोनदा म्हणाले, "बास गं बाय." मी ऐकलं नाही. पाणी नितळ आलं तेव्हाच थांबले.

सकाळी जीपखाली डबकं. रेडिएटर टपटप गळत होता. इतकी वर्षं ज्यानं भोकं बुजली होती, तेच मी खरवडून काढलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," एवढंच बोलून बाबा आत गेले, ते बरणी घेऊन बाहेर आले. आईनं शेवटच्या उन्हाळ्यात दळलेली हळद. दोन वर्षं मी दुकानातली पुडी आणत होते. ती बरणी उघडायचा मला धीर झाला नव्हता.

"ही नको, बाबा."

"मग काय फोटोला लावाय दळली व्हती तिनं?"

त्यांनी एक चमचा घातला. इंजिन चालू ठेवलं. चहा होईस्तोवर टपटप थांबली.

दुपारी घाटाला लागलो. मी चालवत होते, बाबांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. मागच्या वेळी बंद पडली होती ते वळण गेलं. काटा मध्यावरच होता. खंडाळ्याला थांबून बॉनेट उघडलं तर गरम हळदीचा वास आला, आई स्वयंपाकघरात असताना यायचा तसा. मला रस्त्याकडेलाच रडू फुटलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्या फार्महाऊसवाल्याला फोन लाव," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"सांग, जागा नाय. भरली हाय."